माउलीसमोरून बसून जायचं न्हाय

बसा की. तुमच्या आधी दोन डबे हाईत, एक जोंधळ्याचा आणि एक तांदळाचा. तांदूळ झाले की गिरण झाडून घ्यायची, मग तुमचे गहू. तवर बोलत बसू. माझा आवाज मोठा वाटला तर रागावलोय म्हणून समजू नका. बेळगावच्या खासबागेत गिरण घालून जन्म गेला, पट्ट्याच्या आवाजावर बोलून बोलून गळा असाच झालाय. खरा रागावलो की मी गप्प बसतो. आमची जयाबाई म्हणते, ‘मारुतीराव गप्प बसलेलं मी अजून बघायचं हाय,’ पण तिचं काय घेऊन बसता.

तुम्ही विचारलासा न्हवं, ‘तुमचा मेव्हणा अजून कचेरीतच हाय काय?’ सगळी गिऱ्हाइकं हेच विचारतात. डबा खाली ठेवायच्या आधी विचारतात. व्हय किंवा न्हाय म्हणून मोकळं होता येतं, पण मग तुम्ही डबा ठेवून चहाला जाणार आणि मी इथं एकटा पीठ खात बसणार. त्यापेक्षा पहिल्यापासनं ऐका.

नागेंद्र म्हणजे जयाबाईचा धाकटा भाऊ. माझी सासरवाडी जांबोटीच्या पुढं, पार रानात. बस कधी येते ते ड्रायव्हरला सुद्धा ठाऊक नसतं, आणि पाऊस लागला की ती बी यायला कंटाळते. भातशेती, चार म्हशी, घरामागं फणस, आणि गावाला वळसा घालून जाणारी मलप्रभा. सासरे लवकर गेले. सासूबाई अंबुबाई, त्यांना मी मामी म्हणतो, त्यांनी दोन्ही पोरं वाढवली. बाई अशी, की म्हशीला हाक मारली तरी शेजारचा माणूस उठून उभा राहावा.

नागेंद्र शिकायला बेळगावला आला तो आमच्याच घरी. हितं मागं पोत्यांच्या बाजूला त्याची कॉट होती. बी.कॉम. झाला. सरकारी नोकरीच्या परीक्षेला बसायचं तर कन्नड पाहिजे, आणि याचं कन्नड कच्चं. तर हा काय करायचा? दळण घेऊन येणाऱ्या कन्नड बायकांशी गप्पा मारत बसायचा. त्या हसायच्या, चुका काढायच्या. वर्षभरात असं पक्कं झालं, की त्या बायका त्याला सुनेच्या तक्रारी सांगायला लागल्या. मग परीक्षा दिली आणि एसडीए झाला. म्हणजे कारकूनच, पण सरकारी कारकून! बेळगावातच कचेरी, पंखा, खुर्ची, टेबल.

त्या दिवसापासनं मामींचं गावातलं नावच बदललं. ‘कचेरीतल्याची आई.’ बसमधी कंडक्टर जागा करून द्यायला लागला. लग्नाकार्यात पहिल्या पंगतीला पाट. आणि मामी सुद्धा कमी न्हाईत. कुणी नुसतं ‘बरं हाय काय?’ म्हटलं तरी सांगायच्या, ‘बरं हाय. नागेंद्र कचेरीत हाय.’

आता माउलीचं सांगून ठेवतो, न्हायतर पुढचं कळायचं न्हाय. गावाबाहेर उंचवट्यावर माउलीचं देऊळ. देवीचं तोंड नदीकडं. कडेनं गावाचा रस्ता जातो, समोरून नदी जाते. तर त्या देवळावरून बसून कुणी जात न्हाय. गाडीवान गाडीतनं उतरतो. नवरदेव असला तरी मोटार थांबवून देऊळ संपेपर्यंत चालतो. बस आली की आतली सगळी माणसं जागेवरनं उठतात, देऊळ मागं पडलं की परत बसतात. नवीन ड्रायव्हर असला की त्याला वाटतं सगळ्यांना हितंच उतरायचं हाय, तो ब्रेक दाबतो आणि सगळी एकमेकांच्या अंगावर! मामींचे सासरे शेवटच्या आजारात होते, बैलगाडीतनं दवाखान्याला नेलते, तवा सुद्धा दोघांनी काखेत हात घालून त्यांना देवळासमोर उभं केलं होतं. उभं राहायचं म्हणजे राहायचं. का म्हणून विचारायचं न्हाय. मी एकदा विचारलतो, मामींनी नुसतं बघितलं माझ्याकडं. परत न्हाय विचारलं.

तर नागेंद्र कचेरीत लागला. माधवीशी लग्न झालं. ती खानापुरात शाळेत शिकवते, शांत पोरगी, आमच्या घरात शांत माणूस म्हणजे नवलच. सगळं रांगेला लागलं. फक्त एक झालं, नागेंद्र बोलायचा बंद झाला. पूर्वी कन्नड बायकांशी तासन् तास बोलणारा पोरगा, आता जेवताना विचारावं, ‘काय रं, कचेरीत आज काय विशेष?’ तर म्हणायचा, ‘काय न्हाय.’ ‘साहेब कसा हाय?’ ‘बरा हाय.’ ‘आमटी कशी झाल्या?’ ‘बरी हाय.’ अरे मर्दा, आमटीत मीठच न्हवतं!

मग एका रविवारी त्याच्या कचेरीतल्या मंडळींस्नी रान बघायचं होतं. जीपमधी एक जागा रिकामी होती, म्हणून मी पण गेलतो. नागेंद्रनं सगळ्यांना नदीच्या काठाकाठानं नेलं, आणि काय सांगू तुम्हाला, या टोकापासनं त्या टोकापर्यंत तोंड बंद न्हाय! हितं पाणी शांत दिसतंय पण खाली डोह हाय. ह्या दगडाखाली खेकडं. तो निळा पक्षी त्या फांदीवरच बसतो, दुसऱ्या फांदीवर बसत न्हाय. पुढं खळखळ हाय, ऐका, अजून दिसत न्हाय पण आवाज बदलला. त्याचा साहेब पॅंट वर करून पाण्यात उतरला आणि पोरागत हसायला लागला. मी घरी येऊन त्याच्यासमोरच जयाबाईला म्हटलं, ‘तुझ्या भावाला तोंड हाय गं. नदीवर ठेवून आलाय, एवढंच.’

हे मी म्हटलं आणि विसरलो. तो विसरला न्हाय. पुढच्या पावसाळ्याआधी येऊन सांगतो काय, तर बिनपगारी रजा टाकली, संक्रांतीपर्यंत. दांडेलीकडं काळी नदीवर राफ्टवाले हाईत, त्यांच्याकडं राहून शिकून आलाय म्हणे. आता पावसाळा सरला की आपल्या मलप्रभेवर लोकांना रबरी होडीतनं फिरवणार, नदी दाखवणार. आणि जमलं तर नोकरी सोडणार.

माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली! गिरण चालू होती, ती बंद करायची सुद्धा शुद्ध राहिली न्हाय, अर्धं पीठ खाली सांडलं. ‘डोकं ठिकाणावर हाय काय रं? लोक एसडीएच्या नोकरीसाठी नवस बोलतात आणि तू वल्हं मारणार? पेन्शन कोण देणार, मलप्रभा?’

तो पोत्यावर बसून सगळं ऐकत होता. माझं झाल्यावर म्हणाला, ‘दाजी, कचेरी वाईट न्हाय. माणसं चांगली हाईत. पण मी सकाळी खुर्चीत बसलो की संध्याकाळची वाट बघतो. रोज. असं करत करत म्हातारा होईन की ओ.’

यावर काय बोलणार? तरी मी बोललो. लई बोललो. पण खरी भीती माझी न्हवतीच, मामींची होती.

गावाला जाऊन सांगितलं, तर मामी ओरडल्या न्हाईत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं, ओरडून माणूस मोकळा होतो. त्या तांदूळ निवडत होत्या, निवडतच राहिल्या. मग म्हणाल्या, ‘रजा हाय तवर खेळ. संक्रांत झाली की कचेरीत हजर व्हायचं.’

‘आणि जमलं तर?’ नागेंद्रनं विचारलं.

‘ज्या दिवशी मी तुझ्या होडीत बसून माउलीसमोरून जाईन, त्या दिवशी सोड नोकरी.’

म्हणजे कधीच न्हाय. हे त्यांना ठाऊक, त्याला ठाऊक, सुपातल्या तांदळाला सुद्धा ठाऊक. राफ्टमधी उठून उभं राहायचं नसतं, आणि माउलीसमोरून बसून जायचं नसतं. दरवाजा असा लावला की कुलपाची गरजच न्हाय. आणि हा खुळा म्हणतो, ‘बरं. तू बसलीस तर सोडीन, न्हाय बसलीस तर कचेरीत जाईन. शब्द.’ बसनं परत येताना मी त्याला म्हटलं, ‘स्वतःच्या पायावर दगड मारून घेतलास.’ तो म्हणतो, ‘दाजी, तिला दुखवून नदीवर गेलो तर नदीवर तरी जीव लागंल काय?’ माधवी खिडकीतनं बाहेर बघत होती. ती एवढंच म्हणाली, ‘बघू या की.’

पाऊस सरला, नदी निवळली, आणि याचं काम सुरू झालं. पहिल्यांदा माधवीच्या शाळेतल्या शिक्षिका आल्या. मग हुबळीची, पुण्याची माणसं यायला लागली, मोबाईलवर फोटो बघून. वरच्या गावापासनं बसायचं, माउलीवरनं पुढं उतारावर उतरायचं. हा मागच्या टोकाला बसून वल्हं धरायचा आणि बोलत सुटायचा. संध्याकाळी मला फोन करायचा आणि फोनवर सुद्धा थांबायचा न्हाय. ‘दाजी, आज ऊदमांजर दिसलं. दाजी, एक म्हातारे मास्तर आलते, पाण्यात हात घालून अर्धा तास गप्प बसले, उतरताना माझा हात सोडेनात.’ मी ‘मला दळणं हाईत’ म्हणायचो, पण फोन ठेवायचो न्हाय. खरं सांगायचं तर बरं वाटायचं.

पण गावातलं एक बी माणूस होडीत बसंना. परगावची माणसं माउलीसमोरून ऐटीत बसून जायची, त्यास्नी काय ठाऊक. भरमू गुरव देवळाच्या पायरीवरनं बघायचा आणि कपाळावर हात मारायचा. मामी मंगळवारी देऊळ झाडायला जायच्या, होडी दिसली की नदीकडं पाठ करायच्या. लेकाच्या होडीकडं पाठ! पोराला काय वाटत असंल?

मग आली भाऊबीज. सगळं गणगोत सासरवाडीला. मी म्हटलं, आपलीच माणसं बसली न्हाईत तर गाव कसं बसंल? तुम्ही म्हणाल, मारुतीराव तुम्हीच तर विरोधात होतासा. व्हय, होतो. मी त्याला शिव्या देईन, पण दुसऱ्या कुणी दिलेल्या मला खपत न्हाईत. मी, जयाबाई, तिच्या दोन चुलत बहिणी आणि त्यांचे नवरे, असे बसलो. सगळ्यांच्या अंगावर ती भगवी लाइफ जॅकेटं. मी पांढरा लेंगा घातलता, नवा.

नागेंद्रनं बजावलं, ‘काय बी झालं तरी उठायचं न्हाय. वळण घेतलं की माउली दिसंल, बसल्या बसल्या हात जोडा. ती काय रागवायची न्हाय.’ सगळ्यांनी माना डोलवल्या. जयाबाईनं सगळ्यात जास्त डोलवली.

वळण आलं. देवळाचा कळस दिसला. आणि जयाबाई उठली! तिच्या मागनं चुलत बहिणी उठल्या. त्या उठल्या म्हणून नवरे उठले. मी म्हणाल तर मी पण उठलो. अहो, कोण विचार करतंय तवा? इतकी वर्षं बसमधी उठलोय, पाय आपोआप सरळ झाले. आणि सगळे उठून वळले कुठं, तर देवळाकडं, एकाच बाजूला. होडी कलली आणि पिशवी फाटून बटाटे सांडावेत तसे आम्ही पाण्यात.

मी बुडालो. म्हणजे मला वाटलं बुडालो. डोळे मिटले, हातपाय मारले, जयाबाईला हाक मारली, गिरणीचं काय होणार ते सुद्धा डोळ्यासमोर आलं. तवर कानाशी नागेंद्रचा आवाज. ‘दाजी, पाय टेका की. खाली कातळ हाय. कमरेएवढंच पाणी हाय.’

टेकले. उभा राहिलो. खरंच कमरेएवढं! माझ्या आधी सगळे उभे राहून मला बघत होते. जयाबाई तर ओल्या पदरानं देवळाकडं तोंड करून हात जोडून पुटपुटूलाल्ती. नवरा बुडूलाय आणि हिची पूजा चाललीय!

हसायला आलं असतं, पण वर पायरीवर भरमूच्या शेजारी मामी उभ्या होत्या. सगळं बघितलं त्यांनी. भिजून वर आल्यावर त्या नागेंद्रला एवढंच म्हणाल्या, ‘तिनं सांगितलं तुला. आता मला बोलायला लावू नको.’

त्यानंतर नागेंद्र आमच्याकडं येऊन राहिला. होडीतली हवा काढून ती पोत्यांच्या मागं ठेवलेली. दिवसभर पोत्यावर बसायचा. ‘जेवलास काय?’ ‘व्हय.’ ‘काय करूलायस?’ ‘काय न्हाय.’ परत ते ‘काय न्हाय’ आलं. कचेरीतलं ‘काय न्हाय’ ऐकून मला राग यायचा. ह्या वेळी रडू येईल असं वाटलं.

गिऱ्हाइकांना मात्र माझ्या बुडण्याची गोष्ट पाहिजे होती. जयाबाईनं सगळ्या गल्लीत सांगून ठेवलेली. एक दिवस अशीच एक कन्नड बाई आली आणि लागली हसायला. मी चिडलो. म्हटलं, ‘हसतेस काय? बुडालो न्हाय मी! माउलीसमोर उभाच होतो, सगळ्या गावासारखा. फक्त पाण्यात उभा होतो एवढंच!’

पोत्यावरनं नागेंद्र उठला. ‘दाजी, परत म्हणा.’

‘काय परत म्हणा?’

‘आत्ता म्हटलासा ते.’

मी परत म्हटलं. त्यानं होडी खांद्यावर टाकली आणि जेवणाचं ताट वाढलेलं सोडून बसस्टँडकडं गेला. आता सांगा, अक्कल कुणाची? पण ह्या घरात मारुतीरावाला कोण मान देतंय!

त्यानं केलं काय, ते ऐका. वळणाच्या अलीकडं होडी काठाला लावायची. सगळ्यांनी उतरायचं, काठावरच्या वाटेनं देवळासमोरून चालत जायचं. आणि रिकाम्या होडीचा दोर कमरेला बांधून हा स्वतः पाण्यात उतरायचा, त्या कातळावरनं, कमरेएवढ्या पाण्यातनं, होडी ओढत माउलीसमोरून चालत जायचा. पलीकडं परत सगळे होडीत. ना कुणी बसून गेलं, ना होडी कलली. परगावच्या लोकांना तर हेच लई आवडायला लागलं. भरमूनं दोन दिवस बघितलं आणि तिसऱ्या दिवशी चालत येणाऱ्यांच्या हातावर खडीसाखर ठेवायला लागला. मग गावातली माणसं बसली. आधी तरणी, मग बायका. पलीकडच्या गावाला पाहुणचाराला जाताना होडीनं जायला लागल्या, मुद्दाम.

मामींनी पाठ करायचं सोडलं. पायरीवर बसून लेक पाण्यातनं चालताना बघायच्या. पण बसायच्या न्हाईत. त्यांचा गुडघा धरलेला. देवळाला त्या रस्त्याकडनं सपाटीनं जायच्या, पण ती काठावरची वाट चढणीची, दगडाची. ‘लोकास्नी उतरून चालता येतंय. मला चढवतंय काय ते? तुझी सोय सगळ्या जगाला झाली, मला न्हाय झाली,’ असं म्हणायच्या. त्यात कुजकेपणा न्हवता हो. खरंच होतं ते. कधी कधी वाटायचं, त्यांना स्वतःलाच वाईट वाटतंय.

संक्रांत आली. आम्ही दोघं तीळगूळ घेऊन गेलो. दाराशी नागेंद्रची बॅग भरून ठेवलेली, वर इस्त्रीचे दोन शर्ट. दुसऱ्या दिवशी कचेरीत हजर व्हायचं होतं. शब्द म्हणजे शब्द. जेवताना कुणी बोललं न्हाय, पोळ्या चांगल्या झाल्यात एवढं सुद्धा न्हाय.

जेवण झाल्यावर मामी दाराशी गेल्या, त्या शर्टांवरनं हात फिरवला. ‘खरंच जाणार तू?’

‘तुला सांगितलं न्हवं.’

‘एका शब्दानं सुद्धा मागं लागला न्हाईस माझ्या.’

‘तुला जमत न्हाय ते कशाला सारखं विचारू?’

मामींनी पदर खोचला. मग म्हणाल्या, ‘चल, दाखव तरी काय दाखवतोस लोकास्नी. पण माउलीच्या अलीकडं उतरीन मी. कसं तरी चढीन.’

नागेंद्रनं बघितलं माधवीकडं. माधवी चप्पल घालून अंगणात सुद्धा पोचलेली!

मी, जयाबाई, माधवी आणि मधी मामी. लुगड्यावर ते भगवं जॅकेट. ‘हे काय बांधलंस रं, भोपळ्यागत दिसतोय की सगळी,’ म्हणाल्या. पहिल्यांदा दोन्ही हातांनी कडेचा दोर घट्ट धरून बसलेल्या. नागेंद्र मागनं हळूहळू बोलत होता, हा डोह, ही बगळ्यांची जागा. त्या गप्प. मग एका ठिकाणी त्यांनी दोर सोडला आणि बोट दाखवलं. ‘आं? ही आपलीच मळी की रं!’

त्यांचीच मळी. जन्मभर त्या बाईनं तिथं भात लावलं, काढलं, त्या बांधावर बसून भाकरी खाल्ली. पण नदीकडनं कधी बघितलीच न्हवती. बांधावरची चिंच, पलीकडं घराची कौलं, फणसाचा शेंडा. ‘एवढी चांगली दिसते व्हय?’ म्हणाल्या. मग ज्या सुटल्या! तिथं तुझा बा पोहायचा, तिथं म्हैस वाहून गेलती, तिथं मी लुगडी धुवायची. नागेंद्र वल्हं थांबवून नुसता ऐकत होता. त्याला बोलायला जागाच ठेवली न्हाय. मला कळलं, ह्याचं तोंड आलंय कुणाकडनं.

वळणाच्या अलीकडं होडी काठाला लागली. आम्ही उतरलो. मामींनी पाय टाकला, गुडघ्यातनं कळ आली, परत बसल्या. मी हात दिला, जयाबाईनं खालनं आधार दिला. परत कळ. तिसऱ्यांदा त्यांनी प्रयत्नच केला न्हाय. परत वर जायला प्रवाह उलटा. पुढं माउली. मामींचा चेहरा एवढासा झाला. ‘आता गं माउली,’ म्हणाल्या, ‘कुठं आणून घातलंस मला.’

नागेंद्र पाण्यात उतरला. दोर कमरेला बांधला. जानेवारीचं पाणी, आत पाय घातला तरी हाडापर्यंत जातंय. आईसमोर येऊन म्हणाला, ‘आई, आजोबास्नी देवळासमोर उभं करायला दोघं लागलीती न्हवं?’

‘व्हय.’

‘तुला मी एकटा बास. तू बस. तुझ्या वाटणीचं मी उभा राहतो.’

‘असं चालतंय व्हय रं?’

‘तीच सांगंल की.’

आणि चालायला लागला. आम्ही काठावरनं. पाणी एवढं शांत होतं की त्याच्या पायांनी उठणारा आवाज सुद्धा ऐकू येत होता. होडीत मामी एकट्या, मान खाली, हात जोडलेले. रोज तो देवळासमोरून सरळ निघून जातो, त्या दिवशी अगदी मधी थांबला. देवीकडं वळला, हात जोडले. पायरीवर भरमू गुरव हातात घंटा घेऊन तसाच उभा, वाजवायचं विसरून. जयाबाईनं माझा दंड एवढा घट्ट धरला की नंतर वळ उठला होता.

मामींनी मान वर केली. देवीकडं बघितलं. मग म्हशीला मारायच्या तशी हाक मारली, सगळ्या रानात गेली ती.

‘भरमा! मी बसूनच हाय रं! पण माझा लेक उभा हाय बघ, माझ्या वाटणीचं!’

भरमूनं घंटा वाजवली. वाजवतच राहिला. मी रडलो. सांगायला लाज कसली, धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले, तर जयाबाई म्हणते, ‘माझा पदर हाय तो.’ नागेंद्रची पाठ आमच्याकडं होती आणि खांदे हलत होते. थंडीनं हलत असतील.

पलीकडं आम्ही परत होडीत बसलो. नागेंद्र ओल्या अंगानं मागं बसला, वल्हं हातात घेतलं, पण बोलंना. मामी पुढं बघत होत्या. जरा अंतर गेल्यावर तशाच, मागं न बघता म्हणाल्या, ‘उद्या कचेरीत जा.’

नागेंद्रचं वल्हं थांबलं. माझ्या तोंडात शिवीच आली होती.

‘जाऊन सांगून ये त्यास्नी,’ मामी म्हणाल्या, ‘आता यायला जमणार न्हाय म्हणावं. आई होडीत बसली म्हणून सांग.’